आधी थांबणे, मग धावणे : जुन्या पिकअपचा घरगुती जीर्णोद्धार

आपल्या बोरगाव, निपाणी, चिकोडी या टापूत घरामागे किंवा गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या आडोशाला एखादी जुनी पिकअप गाडी वर्षानुवर्षे उभी असलेली पुष्कळदा दृष्टीस पडते. एके काळी तिने तंबाखूची पोती निपाणीच्या बाजारात पोचवलेली असतात, इचलकरंजीहून सूत व बीम वाहिलेले असतात, दुधाचे कॅन आणि उसाचे बियाणे शेतोशेत फिरवलेले असते. पुढे घरात नवी गाडी येते, किंवा चालवणारे वडीलधारे माणूस जाते, आणि ही गाडी जागच्या जागी गंजू लागते. मग एक दिवस दोन सूचना पुढे येतात. कोणी म्हणते, भंगारवाल्याला बोलवा. कोणी म्हणते, आजोबांची गाडी आहे, थोडा खर्च करून पुन्हा चालू करू या.

ही दुसरी सूचना थोड्या पैशात आणि घरच्या अंगणात पार पडण्यासारखी आहे काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. आमचे उत्तर असे की, ती पार पडू शकते, परंतु कामाचा क्रम सांभाळला तरच. तो क्रम तीन शब्दांत सांगता येईल : आधी थांबणे, मग धावणे, शेवटी दिसणे. ब्रेक, स्टिअरिंग, टायर व चॅसी यांचे काम प्रथम, इंजिनाचे त्यानंतर आणि रंगाचे अगदी अखेरीस.

बहुतेक ठिकाणी हा क्रम नेमका उलटा होतो. प्रथम रंग होतो, कारण तो डोळ्यांना दिसतो व शेजारीपाजारी वाखाणतात. मग इंजिन चालू होते, कारण त्याचा आवाज ऐकून मनाला आनंद होतो. ब्रेकची पाळी येईतो पैसे संपलेले असतात. अशी चकचकीत गाडी माल भरून तवंदी घाट उतरू लागली, म्हणजे तिच्या रंगाचा काही उपयोग नसतो. क्रमाचा प्रश्न हा केवळ काटकसरीचा नव्हे, गाडीत बसणाऱ्यांच्या व रस्त्याने चालणाऱ्यांच्या जिवाचा आहे.

ही गाडी आली कोठून?

आपल्याकडील जुन्या पिकअप गाड्यांपैकी अनेकींचे कूळ जीपपर्यंत जाऊन पोचते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतील विलीज व फोर्ड या दोन कारखान्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बांधल्या. युद्ध संपल्यावर त्यांतील काही लष्करी विक्रीतून आपल्याकडील लोकांच्या हाती आल्या. १९४५ साली स्थापन झालेली व १९४८ पासून महिंद्र अँड महिंद्र या नावाने ओळखली जाणारी कंपनी विलीजच्या सुट्या भागांची जुळणी मुंबईत करू लागली. पुढे याच सांगाड्यावर आणि याच जातीच्या इंजिनावर मालवाहू गाड्याही निघाल्या. इंजिनाच्या वर केबिन असलेल्या, पुढे बॉनेट नसलेल्या, एफ. सी. नावाच्या गाड्या १९६० नंतरच्या दशकात रस्त्यावर आल्या. कालांतराने पेट्रोलची जागा डिझेलने घेतली. त्यांत फ्रेंच प्यूजो कंपनीच्या आराखड्याचे २,११२ घनसेंटिमीटरचे इंजिन पुष्कळ चालले.

हा इतिहास सांगण्याचे कारण असे की, या गाड्यांची रचनाच मुळी दुरुस्तीस अनुकूल आहे. खाली शिडीसारखी चॅसी, तिच्यावर नट-बोल्टांनी बसवलेली केबिन व हौदा, चाकांवर पोलादी पाटे, आणि इंजिनाभोवती पाना फिरवण्यास मोकळी जागा. एक भाग काढला तर दुसरा कोसळत नाही. संगणकाच्या पेट्या त्यांत नसल्यामुळे नजर, कान व हात यांच्या साहाय्याने बहुतेक दोष ओळखता येतात. सुटे भाग अद्यापही मिळू शकतात, आणि जो मिळत नाही तो लेथवर करून घेता येतो.

लेथ म्हटले की आपल्या मुलखाचा थोडा अभिमान वाटणे साहजिक आहे. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे जन्मलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर यांच्या उद्योगाची सुरुवात १८८८ साली बेळगावातील सायकलींच्या दुकानापासून झाली. तेथून कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर यांच्यापर्यंत मजल गेली, आणि १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली. कोल्हापूरचे शिवाजी उद्यमनगर, तेथील ओतशाळा व लेथची दुकाने याच हातगुणाची साक्ष देतात. सिलिंडर बोअर करणे, क्रँक घासून घेणे, ब्रेकचा ड्रम लेथवर साफ करणे ही कामे बोरगावकरांस दूरची नाहीत. परदेशचे उदाहरण पाहावयाचे तर क्यूबा बेटाचे पाहावे. १९६० नंतर अमेरिकेने व्यापार तोडल्यामुळे तेथे नवे अमेरिकन भाग येईनात, तरी त्याआधीच्या गाड्या तेथील कारागिरांनी स्थानिक भाग बनवून कित्येक दशके चालत्या ठेवल्या. गरज व कौशल्य यांची गाठ पडली म्हणजे लोखंडाला दुसरा जन्म मिळतो.

कागद आधी, लोखंड मागून

पाना हाती घेण्यापूर्वी कागद हाती घ्यावा. नोंदणी पुस्तकातील चॅसी क्रमांक व इंजिन क्रमांक गाडीवरील क्रमांकांशी ताडून पाहावा. चॅसीवरील क्रमांक गंजाखाली दडलेला असतो. तो तारेच्या ब्रशने हलकेच साफ करावा, ग्राइंडर लावू नये, कारण क्रमांक पुसला गेला तर पुढे मोठी अडचण उद्भवते. पूर्वी कधी इंजिन बदलले असेल आणि त्याची नोंद झाली नसेल, तर ती आधी करून घ्यावी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीतील असा बदल परवानगीने व नोंदीनेच करावयाचा असतो. जुन्या कर्जाचा बोजा पुस्तकावर आहे का, तेही पाहावे.

आपण सीमाभागातील लोक असल्यामुळे आणखी काही गोष्टी ध्यानात घेतल्या पाहिजेत. बेळगाव जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, मग म्हैसूर राज्यात गेला, आणि त्या राज्याचे नाव १९७३ साली कर्नाटक झाले. त्यामुळे फार जुन्या गाडीच्या कागदांवर निरनिराळ्या राज्यांची नावे आढळली तर गोंधळून जाऊ नये. गाडी कोल्हापूरकडची, म्हणजे एम. एच. ०९ ची असेल आणि ती इकडे कायम ठेवावयाची असेल, तर तिकडील कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र नमुना २८ वर घ्यावे लागते. बारा महिन्यांहून अधिक काळ गाडी दुसऱ्या राज्यात ठेवल्यास तेथे नवी नोंदणी करणे भाग असते. आपल्या भागासाठी ती चिकोडीस, के. ए. २३ या चिन्हाखाली होते. मालकी बदलण्यासाठी नमुना २९ व ३० भरावे लागतात. मूळ मालक हयात नसेल तर वारसांची संमती आधीच लेखी घ्यावी. भावाभावांत गाडी दुरुस्त झाल्यावर वाद होण्यापेक्षा, ती गंजलेली असतानाच बोलणे मिटलेले बरे.

खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षे चालते आणि त्यानंतर तपासणी होऊन पाच-पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. भाड्याने माल वाहणाऱ्या गाडीला मात्र योग्यता प्रमाणपत्र लागते, आणि गाडी आठ वर्षांपेक्षा जुनी असल्यास ते दरवर्षी घ्यावे लागते. १ एप्रिल २०२२ पासून जुन्या गाड्यांचे शुल्क बरेच वाढले आहे व नंतरही त्यात बदल झाले आहेत. यास्तव खर्चाचा अंदाज करण्यापूर्वी परिवहन कार्यालयात प्रत्यक्ष चौकशी करावी. ५० वर्षांहून जुनी व मूळ स्वरूपात राखलेली खाजगी गाडी असेल, तर २०२१ च्या नियमांप्रमाणे तिची वारसा वाहन म्हणून वेगळी नोंदणी होऊ शकते. पण अशी गाडी प्रदर्शने, फेऱ्या वगैरे प्रसंगांपुरतीच बाहेर काढता येते, तिच्यावर धंदा करता येत नाही.

एक इशारा येथेच देणे आवश्यक आहे. सरकारी खात्यांच्या १५ वर्षांवरील गाड्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून वाढवून मिळत नाही. अशी गाडी स्वस्तात मिळते म्हणून कोणी घेऊन आला आणि तिच्यावर पैसे खर्च करून बसला, तरी ती रस्त्यावर कायदेशीरपणे आणता येणार नाही. स्वस्त गाडीपेक्षा स्वच्छ कागदाची गाडी अधिक स्वस्त पडते.

जागा, हत्यारे व सावधगिरी

कामाला जागा सपाट व कठीण हवी. शेणाने सारवलेल्या किंवा भुसभुशीत जमिनीत जॅक रुतून कलतो. शक्य तर फरशीचा अगर काँक्रीटचा तुकडा निवडावा. हत्यारांत रिंगपान्यांचा व सॉकेटचा एक संच, हातोडा, छिन्नी, तारेचे ब्रश, ग्रीसगन, चांगला जॅक व चार मजबूत स्टँड एवढे असले म्हणजे बरेचसे काम भागते. प्लगपुलर, रिंग दाबण्याची पट्टी यांसारखी क्वचित लागणारी हत्यारे विकत घेण्याऐवजी ओळखीच्या मिस्त्रींकडून दोन दिवसांसाठी मागून आणावी व वेळेवर परत करावी.

केवळ जॅकच्या आधारावर उचललेल्या गाडीखाली कोणीही, क्षणभरसुद्धा, शिरू नये. स्टँड नसतील तर जाड लाकडी ठोकळे आडवे-उभे रचून त्यांवर चॅसी टेकवावी. विटा किंवा जांभा दगड लावू नये. भाराखाली ते पूर्वसूचना न देता फुटतात. जी चाके जमिनीवर असतील त्यांना पुढून-मागून अडणी लावावी.

जुन्या ब्रेकच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो. त्याची धूळ फुप्फुसात गेल्यास कायमची इजा होते. यास्तव ड्रम काढल्यावर आतील धूळ तोंडाने किंवा हवेच्या नळीने उडवू नये, पाण्याने भिजवून ओल्या फडक्याने पुसावी, फडके पिशवीत बंद करून टाकावे, आणि मुलांना त्या वेळी दूर ठेवावे. बॅटरीजवळ विडी-सिगारेट नको. पेट्रोलच्या टाकीला, ती रिकामी दिसली तरी, वेल्डिंग करू नये. आत राहिलेली वाफ स्फोटाला पुरेशी असते. काढलेले जुने ऑइल ओढ्यात, विहिरीजवळ किंवा बांधावर ओतू नये. आपल्या दूधगंगा-वेदगंगेच्या पाण्यावर सर्वांचाच हक्क आहे. ते डब्यात साठवून ऑइल गोळा करणाऱ्यास द्यावे.

प्रत्येक भाग काढण्यापूर्वी त्याचे छायाचित्र काढावे. नट-बोल्ट जुन्या डब्यांत वेगवेगळे ठेवून प्रत्येक डब्यावर चिठ्ठी चिकटवावी. हे काम घरातील शाळकरी मुले फार आनंदाने व नेटकेपणाने करतात. दोन महिन्यांनी जोडणीस बसल्यावर त्या चिठ्ठ्यांची किंमत कळते. गंजून अडकलेल्या बोल्टवर एकदम जोर करू नये. आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल घालून ठेवावे, सकाळी हातोड्याने हलके ठोकावे, आणि पाना आधी किंचित आवळण्याच्या दिशेने देऊन मग सोडवावा.

पहिले काम : थांबणे

प्रथम चॅसी तपासावी. लहान हातोडीने तिच्या दोन्ही बाजू शेवटपर्यंत ठोकत जावे. निकोप लोखंड खणखणते, कुजलेले बद्द आवाज देते. पाट्यांचे हँगर, केबिन बसवण्याच्या जागा आणि मागचा आडवा पट्टा येथे ओल व माती साठून राहते, म्हणून तेथे विशेष पाहावे. चीर आढळल्यास तिच्या टोकाला बारीक भोक पाडावे, म्हणजे ती पुढे सरकत नाही. मग खाच करून वेल्डिंग करावे व वरून शंकरपाळ्याच्या आकाराची पट्टी जोडावी. सरळ उभ्या रेषेत केलेले वेल्डिंग त्याच रेषेत पुन्हा तडकण्याचा धोका असतो. हे काम अनुभवी वेल्डरकडूनच घ्यावे, आणि त्यापूर्वी बॅटरीच्या तारा काढून पेट्रोलची टाकी दूर नेऊन ठेवावी. दोन्ही बाजूंची चॅसी हाताने माती झडावी तशी झडत असेल, तर मात्र येथेच थांबावे. अशा गाडीवर पैसा घालणे म्हणजे पाया खचलेल्या घराला चुना देणे होय.

यानंतर ब्रेक. पायपट्टी दाबल्यावर मास्टर सिलिंडरमधील तेल नळ्यांतून चाकांपर्यंत जाते, तेथील लहान सिलिंडर दोन शूज बाहेर ढकलतात, आणि शूजचे अस्तर ड्रमला घासून चाक थांबते. बऱ्याच जुन्या गाड्यांत चारही चाकांना मिळून तेलाचा एकच मार्ग असतो. एका चाकाची नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. म्हणून येथे काटकसर करू नये. रबरी कप, रबरी होज व गंजलेल्या धातूच्या नळ्या सरसकट बदलाव्या. सिलिंडरच्या आत खड्डे पडले असतील तर तो नवा घ्यावा. ड्रमला कंगोरा आला असेल तर लेथवर साफ करून घ्यावा, पण ठरलेल्या मापापलीकडे झिजलेला ड्रम टाकून द्यावा.

ब्रेकच्या भागांना घासलेट, डिझेल किंवा इंजिन ऑइल मुळीच लावू नये. त्याने रबर फुगते. धुण्यासाठी स्पिरिट किंवा ब्रेकचेच तेल वापरावे. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषून घेते, म्हणून उघड्या डब्यातील जुने तेल घालू नये, आणि गाडीतील तेल साधारण दोन वर्षांनी बदलावे. शेवटी नळ्यांतील हवा काढावी. एकाने पायपट्टी दाबून धरावी, दुसऱ्याने चाकाचा निपल सोडून बुडबुडे जाऊ द्यावे, निपल बंद केल्यावरच पहिल्याने पाय उचलावा. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून आरंभ करावा. काम झाल्यावर पायपट्टी जोराने दाबून मिनिटभर धरावी. ती हळूहळू खाली गेली तर कोठेतरी गळती आहे अथवा मास्टरचा कप निकामी आहे. ती स्पंजासारखी लागली तर हवा राहिली आहे.

जीपच्या जुन्या घराण्यातील काही गाड्यांत हँडब्रेक चाकांवर नसून गिअरबॉक्सच्या मागील शाफ्टवर असतो. तो उभ्या गाडीला धरून ठेवण्यासाठी आहे. चालत्या गाडीचा पायब्रेक गेला तर हँडब्रेक आहेच, अशा भरवशावर राहू नये.

स्टिअरिंगसाठी पुढचे चाक उचलून ते वर-खाली धरून हलवावे. खडखड लागली तर बेरिंग किंवा किंगपिन झिजला आहे. डावी-उजवीकडे धरून हलवल्यावर ढिलेपणा आढळला तर रॉडची टोके तपासावी. बेरिंगांतील जुने ग्रीस घासलेटने पूर्ण धुऊन, वाळवून, नवे भरावे. टायरची नक्षी चांगली दिसली तरी त्याचे वय पाहावे. बाजूवर चार आकडी शिक्का असतो. २२१९ असा शिक्का असेल तर तो टायर २०१९ सालच्या बाविसाव्या आठवड्यात झाला असे समजावे. उन्हात वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाडीचे टायर बहुधा बाजूने तडकलेले असतात. ते कितीही जाड दिसले तरी रस्त्यासाठी वापरू नयेत.

दुसरे काम : धावणे

पुष्कळ दिवस बंद असलेले इंजिन एकदम स्टार्टर मारून फिरवू नये. पेट्रोल इंजिनाचे प्लग, किंवा डिझेल इंजिनाचे इंजेक्टर काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे ऑइल घालावे व एक-दोन दिवस तसेच ठेवावे. मग हाताने सावकाश फिरवून पाहावे. हँडल मारण्याची वेळ आली तर अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूस ठेवावा, हँडलभोवती वळवू नये. इंजिनाने उलट झटका दिला तर अंगठा मोडतो. जुने ड्रायव्हर शिकाऊ मुलाला पहिला धडा हाच देत.

इंजिन फिरू लागल्यावर कॉम्प्रेशन मोजून घ्यावे. एखाद्या सिलिंडरचे कमी भरले तर त्यात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजावे. या वेळी ते वाढले तर रिंगा झिजल्या आहेत, वाढले नाही तर दोष व्हॉल्व्हचा असण्याचा संभव अधिक. शेजारशेजारचे दोन्ही सिलिंडर कमी दाखवत असतील तर हेड गॅस्केटकडे संशयाने पाहावे. एवढ्या एका परीक्षेमुळे इंजिन संपूर्ण खोलण्याचा खर्च कधी कधी वाचतो. ज्याचे कॉम्प्रेशन बरे आहे ते इंजिन केवळ हौसेखातर उघडू नये.

विलीजच्या हरिकेन जातीच्या पेट्रोल इंजिनात आत घेणारे व्हॉल्व्ह हेडमध्ये व धूर बाहेर टाकणारे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असतात. ठिणगीचा क्रम १-३-४-२ असतो. प्लगची फट सुमारे ०.७५ मिलिमीटर व पॉइंटची सुमारे अर्धा मिलिमीटर ठेवतात. डिझेल इंजिनाचा फ्युएल पंप मात्र घरी उघडू नये. तो कॅलिब्रेशनच्या दुकानातच द्यावा. इंजेक्टरचा फवारा हातावर घेऊन पाहण्याचा प्रकार तर फारच घातक आहे. त्या दाबाचे डिझेल कातडी भेदून आत शिरते आणि हात गमावण्याची पाळी येते.

पेट्रोल गाडीवाल्यांनी आजच्या इंधनाचाही विचार केला पाहिजे. आपल्याकडील पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या रबरी नळ्या, पंपाचा पडदा व कार्ब्युरेटरमधील रबर त्यास तोंड देण्यासाठी बनवलेले नव्हते. ते मऊ पडतात, तडकतात, गळतात, आणि गळक्या पेट्रोलमुळे गाडी पेट घेते. इथेनॉलला टिकणारी नळी थोडी महाग असली तरी तीच घ्यावी. इथेनॉल पाणीही ओढून घेते, म्हणून क्वचित चालणाऱ्या गाडीच्या टाकीत महिनोन्महिने पेट्रोल ठेवू नये. टाकीतील गंज काढण्यासाठी आत स्वच्छ बारीक खडी व पाणी घालून ती चांगली हलवावी, धुऊन पूर्ण वाळवावी, आणि पुढे फिल्टर बसवावा.

रेडिएटर दोन्ही बाजूंनी पाण्याने धुऊन घ्यावा. इंजिन तापलेले असताना त्याचे झाकण काढू नये. विजेच्या कामात नव्या तारा ओढण्यापूर्वी बॅटरीपासून चॅसीला व चॅसीपासून इंजिनाला जाणारा अर्थ घासूनपुसून घट्ट करावा. दिवे मंद लागणे, स्टार्टर न फिरणे यांसारख्या पुष्कळ तक्रारी एवढ्यानेच मिटतात. प्रत्येक वाटेला फ्यूज असलाच पाहिजे.

तिसरे काम : दिसणे

गंजावर लांबी भरून वरून रंग देणे ही सर्वांत महाग स्वस्ताई होय. पहिल्या पावसाळ्यात फुगवटे येतात आणि दुसऱ्या पावसाळ्यात भोके पडतात. कुजलेला पत्रा निकोप भागापर्यंत कापून काढावा व त्या मापाचा नवा तुकडा जोडावा. केबिनच्या तळाला १८ गेजचा साधा लोखंडी पत्रा बहुधा पुरतो. जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्यावर वेल्डिंग केल्यास विषारी धूर निघतो, म्हणून तो टाळावा. राहिलेला गंज घासून त्यावर गंजरोधक द्रावण, मग प्रायमर, मग रंगाचे दोन पातळ हात असा क्रम ठेवावा. पावसाळी हवेत रंग देऊ नये.

हौद्याची लाकडी फळी कुजली असेल तर बाभळीची वाळलेली फळी आपल्याकडच्या सुताराकडून करून घ्यावी. बैलगाडीला जे लाकूड पिढ्यान्‌पिढ्या चालले ते येथेही चालते. फळ्यांमध्ये पाणी निथळण्यापुरती फट ठेवावी. हौद्यात माल न्यावा, माणसे नेऊ नयेत. जत्रेचा दिवस असो की लग्नाचा, हा नियम मोडण्यासाठी नव्हे.

शंभर रुपयांचा हिशेब

खर्चाचे आकडे गाडीगणिक बदलतात, म्हणून रुपयांऐवजी प्रमाण सांगणे बरे. जवळ शंभर रुपये आहेत असे धरल्यास आमच्या मते त्यांची वाटणी अशी असावी : कागदपत्रे व तपासणी १०, ब्रेक-स्टिअरिंग-टायर ३५, इंजिन, रेडिएटर, इंधन व वीज मिळून ३०, चॅसी व पत्रेकाम १०, रंग ५, आणि राखीव १०. हा अंदाज आहे, धर्माज्ञा नव्हे. पण रंगाचे पाच रुपये पस्तीसच्या वर जाऊ लागले, तर आपण वाट चुकलो असे खुशाल समजावे.

हिशेबाची वही घरातील एकाच व्यक्तीकडे असावी, आणि पाना धरणारा व वही धरणारा यांत फरक असावा. आमच्या पाहण्यात अशी वही बहुधा घरातील गृहिणीच उत्तम सांभाळते. प्रत्येक टप्पा पुरा झाल्याशिवाय पुढच्या टप्प्याचे पैसे काढू नयेत. अशा पद्धतीने काम चालले तर मध्येच पैसे संपले तरी नुकसान होत नाही. ब्रेकपर्यंतचे काम झालेली गाडी पुढच्या हंगामापर्यंत झाकून ठेवता येते. उलट, नुसता रंग झालेली गाडी पुन्हा गंजते.

काम संपल्यावर प्रथम मोकळ्या मैदानात, माणसाच्या चालीने, रिकाम्या गाडीची परीक्षा घ्यावी. मग थोडा वेग, मग थोडा भार. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर चाकांचे नट, पाट्यांचे यू-बोल्ट व ब्रेकच्या नळ्यांचे सांधे पुन्हा आवळून पाहावे. विमा व प्रदूषण प्रमाणपत्र हाती आल्याखेरीज गाडी सार्वजनिक रस्त्यावर काढू नये.

आणि सगळा विचार करूनही चॅसी कुजलेली, कागद हरवलेले, वारस एकमताचे नाहीत असे आढळले, तर गाडी मान्यताप्राप्त भंगार केंद्राला देऊन नोंदणी रद्द झाल्याचा दाखला घेण्यात कमीपणा नाही. तिचा निकोप गिअरबॉक्स, पाटे, डिस्का दुसऱ्या एखाद्या गाडीला जीवदान देतील. आजोबांची आठवण लोखंडाच्या प्रत्येक तुकड्यात असते असे नाही, ती नीट सांभाळलेल्या कामात असते.

परंतु जेथे चॅसी खणखणते आहे, कागद स्वच्छ आहेत आणि घरात दोन धडधाकट हात व एक नीट लिहिलेली वही आहे, तेथे भंगारवाल्याला बोलावण्याची घाई करू नये. येत्या दिवाळीनंतर, सुगीची धांदल संपली की, रविवारचे चार तास या कामाला द्यावे. एखादे वर्ष लागेल, कदाचित दोन. त्या अवधीत घरातील मुलांना पाना कसा धरावा, मोजमाप कसे घ्यावे, घाई कोठे टाळावी आणि पैसा कोठे राखू नये, हे जे शिक्षण मिळेल ते गाडीहून अधिक दिवस टिकेल. संस्थेच्या या शुभ वर्षात एखाद्या सभासदाच्या अंगणातील गाडी तरी या क्रमाने, आधी नीट थांबून, पुन्हा रस्त्याला लागावी, एवढी इच्छा व्यक्त करून लेख पुरा करतो.